रेडिएशन चालू आहे, रात्री रडू येतं. त्यानं उपचाराचा गुण कमी होतो का?

गडहिंग्लजची_लेक
नमस्कार. माझं वय ४६. डाव्या स्तनाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. केमो झाली, ऑपरेशन झालं, आता रेडिएशन सुरू झालंय. रोज गावाहून ये-जा जमणार नाही म्हणून राजारामपुरीत नणंदेकडे राहिलेय. सोमवार ते शुक्रवार जायचं, शनिवार-रविवार सुट्टी.

नणंद माझं सगळं मनापासून करते. पण सकाळी चहा हातात देतानाच सुरू होतं, "हसत राहा, वाईट विचार काढून टाक, मनानं घेतलं की आजार पळतो." गावाकडनं येणारे फोनही तसेच. दिवसभर मी हसते. रात्री पांघरुणात रडते आणि मग जास्तच घाबरते, की माझ्या या रडण्यानं उपचार वाया तर जात नसेल? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. धाकटा मुलगा दहावीला आहे. ज्या बायका यातून गेल्यात त्यांनी सांगा, मन कसं ठेवायचं?

बावड्याची_शिलाईवाली
ताई, आधी तुमच्या भीतीचं उत्तर देते. रडण्यानं रेडिएशनचा गुण कमी होत नाही. ते किरण कॅन्सरच्या पेशींमधला डीएनए तोडतात, मग त्या पेशींना वाढता येत नाही. टेबलावर तुम्ही हसत झोपा नाहीतर रडत, किरण आपलं काम करतातच. मन खचलं म्हणून गाठ वाढत नाही. माझ्या डॉक्टरबाईंनी मला हे स्वच्छ सांगितलं, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

मी कसबा बावड्याची, घरी ब्लाउज शिवते. माझा कॅन्सर मणक्यात गेलाय, म्हणजे चौथी स्टेज. आधी छातीला रेडिएशन झालं होतं, पुढं मणक्याला झालं, ते दुखणं कमी व्हावं म्हणून. हाडाचं रेडिएशन थोडक्यात आटोपतं, काहींना तर एकदाच देतात. सुरुवातीला दुखणं उलट वाढलं. तसं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं म्हणून धीर धरला, मग हळूहळू आराम पडला. आता हार्मोनच्या गोळ्या आणि हाडांचं इंजेक्शन चालू आहे. हा आजार माझ्याबरोबरच राहणार हे मला माहीत आहे. तरी माझे बरेच दिवस चांगले जातात.

भीती मी दडपत नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मालकांजवळ बसते आणि मनात आलेलं सगळं बोलते. मी गेले तर पोरीचं लग्न कोण बघणार, हेसुद्धा. ते मधे बोलत नाहीत, ऐकतात. एकदा बोलून झालं की रात्री तेच तेच डोक्यात फिरत नाही. तुमच्याकडं असं ऐकणारं कोण आहे ते बघा. नणंदच असेल कदाचित. त्यांना सांगून बघा, "ताई, मला धीर देऊ नका, नुसतं ऐका." माया करणाऱ्या माणसाला काय करायचं ते सांगितलं की तेही मोकळं होतं, त्यालाही भीती वाटत असतेच.

दुसरं म्हणजे काम. काखेतल्या गाठी काढल्यावर माझा हात वर जाईना, मशीनवर बसवेना. मग मी फॉल-बिडिंग घेतलं. एक साडी कितीही दिवस चालायची, पण गिऱ्हाईक यायचं, लग्नाच्या याद्या, काठ कुठला, जरी कुठली, असल्या गप्पा व्हायच्या. तेवढा वेळ मी पेशंट नसायची. जाऊबाई भेटायला आली की मी तिला म्हणायची, मला कपिलतीर्थ मंडईत ने. वांगी मी निवडायची, पिशवी तिनं धरायची. तुमचा मुलगा दहावीला आहे ना? रोज रात्री फोनवर त्याच्याकडनं एक धडा म्हणून घ्या. त्याचाही अभ्यास होईल आणि आई आहे तशीच आहे हे त्याला कळेल.

थकवा शेवटी-शेवटी वाढतो आणि रेडिएशन संपल्यावरही काही आठवडे राहतो. दुपारी बिनधास्त झोपा. कातडी उन्हानं भाजल्यासारखी लाल होते, काखेत सोलपटतेसुद्धा. मी मालकांची जुनी सुती बंडी घालायची. हळद, कोरफड, कुणी सांगितलेला लेप, सिस्टरला विचारल्याशिवाय काही लावू नका. हाताचे व्यायाम मात्र सोडू नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं असं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे. पुढं टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनची गोळी, सुरू झालं तर ते मनोविकार डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मनाच्या काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

लिनॅकवाला_दादा
मी रेडिओथेरपी तंत्रज्ञ आहे. वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. खोलीत तुम्ही एकट्या असलात तरी आम्ही कॅमेऱ्यातून सतत बघत असतो, तुमचा आवाजही ऐकू येतो. किरण लागतात ते काही मिनिटंच, बाकीचा वेळ तुम्हाला नीट जागेवर घेण्यात जातो. अंगावरच्या खुणा घासून काढू नका. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचा अंश अंगात राहत नाही, त्यामुळं मुलाला खुशाल जवळ घ्या. टेबलावर रडू आलं तर लाजू नका, हाक मारा, आम्ही थांबतो. रोज कुणी ना कुणी रडतंच, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

शाहूपुरीचा_नवरा
वहिनी, माझ्या बायकोचं गेल्या वर्षी झालं. खर्चाची काळजी मनाला सगळ्यात जास्त खाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन मालकांना त्यांच्याकडं पाठवा. कागदांची धावपळ तुम्ही स्वतः अंगावर घेऊ नका.

गडहिंग्लजची_लेक
सगळ्यांचे आभार. शिलाईवाल्या ताई, तुमचं उत्तर नणंदेला वाचून दाखवलं. आता रोज जेवण झाल्यावर आम्ही दोघी गच्चीत बसतो. काल त्याच जास्त बोलल्या, त्यांच्या सासूबाईंनाही हाच आजार होता, हे मला माहीतच नव्हतं. मुलाकडनं भूगोल म्हणून घेतला.

दादा, एक विचारते. डावी बाजू म्हणून मला श्वास भरून रोखायला शिकवलंय. मधेच श्वास सुटला तर?

लिनॅकवाला_दादा
काही बिघडत नाही ताई. श्वास भरला की छाती फुगते आणि हृदय किरणांपासून लांब राहतं, त्यासाठीच ते करतो. श्वास सुटला की पडद्यावर लगेच दिसतं, किरण थांबतात. तुम्ही दम घ्या, मग पुन्हा सुरू करू. घरी पडल्या-पडल्या थोडा सराव करा, आणि रोखताना त्रास होतोय असं वाटलं तर उद्याच सांगा.