पीएचपी: स्विचमध्ये टाइपसकट तुलना कशी करायची?

अर्धविराम
पीएचपी ८.२, मायएसक्यूएल. ऑर्डरच्या टेबलात स्टेटस कॉलम आहे: ० रद्द, १ चालू, २ पोचली. नव्या ऑर्डरला नल (म्हणजे काहीच व्हॅल्यू नाही). स्विच (व्हॅल्यू बघून योग्य 'केस' निवडणारी रचना) लावला की नलवाल्या ऑर्डरी 'केस ०' मध्ये शिरतात आणि रद्द दिसतात. फाइलीत वर स्ट्रिक्ट टाइप्स १ (टाइप काटेकोर तपासायची सेटिंग) केलंय, तरी तेच. इफ-एल्सची माळ न लावता === सारखी (व्हॅल्यू आणि टाइप दोन्ही जुळायला हवेत अशी) तुलना होईल का?

कंसातला
स्ट्रिक्ट टाइप्सचा इथे संबंधच नाही. ते फंक्शनला दिलेल्या आणि फंक्शनने परत केलेल्या स्केलर (आकडा, स्ट्रिंग अशा साध्या) व्हॅल्यू तपासतं, == ला हात लावत नाही. स्विच आतून == (टाइप न बघणारी सैल तुलना) वापरतो आणि नल == ० खरं निघतं. मॅच वापरा. ८.० पासून आहे, तुलना === ने होते, ब्रेकची भानगड नाही:

मॅच ($स्टेटस) {
  नल => 'नवीन',
  ० => 'रद्द',
  १, २ => 'मंजूर',
};

डिफॉल्ट (काहीच जुळलं नाही तर चालणारी फांदी) मुद्दाम गाळलाय. उद्या कोणी ३ घुसवला तर अनहँडल्ड-मॅच-एरर येईल, आणि तो यायलाच हवा. प्रत्येक फांदीत एकच एक्स्प्रेशन चालतं. जास्त काम असेल तर फंक्शन काढा.

टॅबवाला
यात एक मेख आहे. फॉर्ममधून आलेली व्हॅल्यू स्ट्रिंगच (मजकूरच) असते, आणि '१' === १ खोटं. पीडीओ (पीएचपीची डेटाबेस जोडणी) एम्युलेटेड प्रिपेअरवर (क्वेरीत व्हॅल्यू पीडीओच भरतं त्या मोडवर) असेल तर ८.१ च्या आधी मायएसक्यूएलचे इंटसुद्धा (पूर्णांकसुद्धा) स्ट्रिंग म्हणून यायचे. म्हणजे लोकलला (तुमच्या मशीनवर) ८.२ आणि सर्व्हरवर ८.० असेल, तर हाच मॅच तिथे धडाधड एरर फेकेल.

त्यावर उपाय म्हणून सरसकट (इंट) कास्ट (पूर्णांकात जबरदस्ती रूपांतर) मात्र मारू नका. नल, रिकामी स्ट्रिंग, 'एबीसी' सगळ्यांचा ० होतो. परत पहिले पाढे पंचावन्न. नल आधी बाजूला काढा, उरलेलं फिल्टर_व्हार या तपासणीच्या फंक्शनच्या व्हॅलिडेट इंटमधून घ्या, आणि उत्तर === फॉल्सनेच तपासा. नुसतं ! लावलंत तर खरा ० पण बाद होईल. '०७' ते नाकारतं, हेही ध्यानात असू द्या.

अर्धविराम
सर्व्हर ८.० च निघाला! बाकी कोडमध्ये असले == कसे हुडकायचे?

कंसातला
पीएचपीस्टॅनला (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) स्ट्रिक्ट-रूल्स पॅकेज जोडा. ==, इफमधली बूलियन नसलेली अट, तिसरा आर्ग्युमेंट ट्रू न दिलेला इन_अरे (अरेत व्हॅल्यू आहे का बघणारं फंक्शन), सगळं पकडतं. जुन्या कोडवर यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबेल. बेसलाइन (आत्ताच्या चुकांची यादी) काढून ठेवा आणि फक्त नव्या चुकांवर बिल्ड अडवा.