‘शिरी’ (1999): प्रेमकथेने हेरपट बिघडवला की तारला?

पाणवठा

(आधीच सांगते, खाली शेवटासकट सगळं कथानक उघड होणार आहे.)

कोरियन सिनेमावर गप्पा सुरू झाल्या आणि ‘शिरी’चं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: हेरगिरी झकास आहे, पण ती प्रेमकथा मध्येच कशाला घुसडली? मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक कांग जे-ग्यू. सोलमधला गुप्तचर यू जोंग-वोन (हान सक-क्यू) आणि त्याचा जोडीदार ली जांग-गिल (सोंग कांग-हो) हे ली बांग-ही या उत्तर कोरियाच्या नेमबाज बाईच्या मागावर आहेत. तिने दक्षिणेत एकामागून एक माणसं टिपली आहेत. तिचा जुना फोटो यांच्याकडे आहे, पण तिने शस्त्रक्रिया करून चेहरा बदललाय. इकडे जोंग-वोनचं लग्न ठरलंय ली म्योंग-ह्योनशी (किम युनजिन). तिचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. मग उत्तरेतून पार्क मू-योंग (चोई मिन-शिक) आपली टोळी घेऊन येतो आणि सीटीएक्स नावाचं, पाण्यासारखं दिसणारं स्फोटक पळवतो. दोन्ही कोरियांच्या फुटबॉल सामन्याला दोन्हीकडचे नेते सोलच्या स्टेडियमवर येणार आहेत. तिथे स्फोट घडवायचा आणि युद्ध पेटवायचं, हा त्याचा बेत. आणि मासे विकणारी म्योंग-ह्योन हीच बांग-ही.

आता यातून प्रेमकथा काढून पाहा. उरतं काय? बॉम्ब, घड्याळ, धावाधाव. असे सिनेमे ढिगाने आहेत. ‘शिरी’ वेगळा ठरतो, कारण त्यात शत्रू घरात आहे आणि घरातला माणूस म्हणूनच आवडतो आहे. मासे आठवा. ती मासे भेट देते, ते ऑफिसच्या टाकीत पोहतात, आणि त्यांच्याच पोटात ऐकण्याची यंत्रं असतात. खबर फुटतेय हे कळल्यावर जोंग-वोन आणि जांग-गिल एकमेकांवर संशय घेऊ लागतात. गुप्तचर खात्याच्या सगळ्या भिंती ज्या वाटेने पार होतात ती वाट म्हणजे एका माणसाचा जिव्हाळा. हेरगिरी आणि प्रेम इथे दोन वेगळे धागे नाहीतच.

शिवाय हा कोरिया आहे. एकच भाषा, एकच जेवण, एकच आडनावं, आणि 1953 पासून मध्ये तारेचं कुंपण. तिथल्या हेरकथेत समोरचा माणूस परका करून दाखवणं सोपं होतं. दक्षिणेत कित्येक वर्षं तेच चाललं होतं. कांग जे-ग्यूने त्या माणसाला लग्नाची अंगठी दिली. यापेक्षा थेट राजकीय विधान त्या काळी कुणी लोकप्रिय सिनेमात केलं असतं असं मला वाटत नाही.

---

सरळरेषा

ताई, कळकळीने लिहिलंय, पण असहमत. तुमचा ‘घरातला शत्रू’ हा मुद्दा कल्पना म्हणून उत्तम आहे. पडद्यावर तो दिसतो का? मला दिसतात समुद्रकिनारा, मेणबत्त्या, पाऊस, आणि ‘व्हेन आय ड्रीम’ हे इंग्रजी गाणं. प्रेमाचे सगळे प्रसंग जाहिरातीसारखे चकचकीत. त्या दोघांचं एकमेकांशी काय जुळलं, ते कशावर हसतात, कशावर भांडतात, काहीच कळत नाही. तिचं दारूचं व्यसन हा एक खरा धागा होता. त्यातून ती आतून कशी पोखरली गेलीय हे दाखवता आलं असतं. तोही दोनचार प्रसंगांत आटोपला.

याउलट सुरुवातीची मिनिटं पाहा. 1992, उत्तरेतलं प्रशिक्षण. बांधून ठेवलेल्या जिवंत माणसांवर सराव. एकही संवाद नको, ती बाई कशातून घडली ते कळतं. तो सिनेमा पुढे का सोडून दिला? मला बांग-ही हवी होती, दिग्दर्शकाने मला मेणबत्तीच्या उजेडातली मैत्रीण दिली.

---

तिसरी_घंटा

सरळरेषा यांना +1. आणि माझ्या मते सिनेमाचा खरा जीव पार्क मू-योंगमध्ये आहे. त्याचं ते भाषण आठवा: उत्तरेत लोक उपाशी मरताहेत, आणि चीज, कोक, हॅम्बर्गर खाऊन वाढलेले तुम्ही एकीकरणाची गाणी गाता! 1990 च्या दशकाच्या मध्यावर उत्तर कोरियात खरोखर भीषण दुष्काळ होता. चित्रगृहात बसलेल्या दक्षिणेतल्या प्रेक्षकाच्या हातात त्या क्षणी बहुधा कोकच असणार. खलनायकाने प्रेक्षकाला थेट कठड्यात उभं केलं. चोई मिन-शिकने ते असं केलंय की त्याच्या तोंडचा संताप खोटा वाटतच नाही. जोंग-वोनकडे त्याला द्यायला उत्तर नाही. प्रेमकथेचा एकही प्रसंग या भाषणाच्या जवळपास पोचत नाही.

---

पाणवठा

भाषण जबरदस्त आहे, वादच नाही. पण ते चालतं का? पार्क जे ओरडून सांगतो ते मान्य करूनही आपण त्याच्या बाजूला जात नाही, कारण त्याला लाखो माणसं मारायची आहेत. तो मुद्दा बरोबर आणि माणूस चूक, एवढ्यावर प्रेक्षक हात झटकून मोकळा होतो. मोकळं होता येत नाही ते म्योंग-ह्योनपाशी. तिला सोडवायचं की थांबवायचं, हे जोंग-वोनसारखंच आपल्यालाही ठरवता येत नाही.

---

उत्तरायण

एक खरी गोष्ट इथे आणायलाच हवी, कारण तिच्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

29 नोव्हेंबर 1987. बगदादहून अबुधाबीमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअरचं 858 क्रमांकाचं विमान अंदमान समुद्रावर फुटलं. 115 माणसं गेली. बरेचसे आखातात राबून घरी परतणारे कोरियन कामगार. स्फोटकं ठेवणारे दोघे जपानी बापलेक बनून प्रवास करत होते आणि अबुधाबीला उतरले. स्फोटकांचा एक भाग रेडिओत होता, आणि दुसरा द्रवरूपात, दारूच्या बाटलीत. आता सीटीएक्सकडे पुन्हा पाहा. बहारीनमध्ये पकडल्यावर दोघांनीही सायनाइड चावलं. म्हातारा मेला, तरुण बाई वाचली. तिचं नाव किम ह्योन-हुई. तिला सोलला आणलं, 1989 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 1990 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. कारण असं दिलं गेलं की ती उत्तरेच्या राजवटीने घडवलेलं हत्यार होती. आणि 1997 मध्ये तिने लग्न केलं, एकेकाळी तिच्या पहाऱ्यावर असलेल्या गुप्तचर अधिकाऱ्याशी.

‘शिरी’ आला फेब्रुवारी 1999 मध्ये. तिथल्या प्रेक्षकाला हेर बाई आणि गुप्तचर यांचं प्रेम ही पटकथाकाराची करामत वाटली नसणार. असं लग्न नुकतंच झालेलं होतं. ‘प्रेमकथा घुसडली’ हे दुरून बघणाऱ्याचं मत आहे. इथे मी धागाकर्तीच्या बाजूने आहे.

---

सरळरेषा

उत्तरायण, तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जास्त बोलतं! किम ह्योन-हुई जगली. तिची चौकशी झाली, तिने टीव्हीवर कबुली दिली, 115 कुटुंबांनी तिला माफी मिळताना पाहिलं. त्या घरच्यांच्या मनात काय झालं असेल? आणि तिने स्वतःशी काय हिशेब केला असेल? खरा अवघड सिनेमा तिथून सुरू होतो. ‘शिरी’ तो प्रश्न टाळतो. मारलेल्या माणसांच्या घरी कॅमेरा एकदाही जात नाही, आणि शेवटी तिला गोळी घालून प्रश्नच संपवला जातो. मेलेल्या प्रेयसीसाठी रडणं सोपं आहे. कबुली देऊन जिवंत राहिलेल्या बायकोबरोबर संसार करणं दाखवा ना.

---

आजोळ

मी कुणाच्याच बाजूने पूर्ण नाही. मला शेवटाकडची, तिच्या मरणानंतरची जोंग-वोनची चौकशी खटकते. जोंग-वोन तिच्याबद्दल बोलताना हायड्राची उपमा देतो: एका धडावर अनेक डोकी, आणि फाळणीने तिला असं केलं. ही ओळ ऐकून मला राग आला. जिवंत बाई होती तोवर तिचं तोंड बंद, आणि मेल्यावर ती लगेच देशाचं प्रतीक! बांग-ही आणि म्योंग-ह्योन यांपैकी खरी कोण, हे तिला कुणीच विचारत नाही. स्टेडियमबाहेर दोघं एकमेकांवर बंदूक रोखतात, तेव्हा बोलण्याची एक संधी होती. ती बंदूक राष्ट्राध्यक्षांच्या गाडीकडे वळवते आणि तो गोळी झाडतो. त्यानंतर ती गरोदर होती हे आपल्याला कळतं. हे मला फार स्वस्त वाटलं. तिच्या मरणाचं दुःख पुरेसं नव्हतं का? पोटातल्या बाळामुळेच ते मोठं व्हायला हवं?

---

खारेवारे

आजोळ, गरोदरपणाबद्दल पूर्ण सहमत. ते काढून टाकलं असतं तर सिनेमा एका इंचानेही लहान झाला नसता.

पण तिचं तोंड बंद होतं हे नाही पटलं. तिने त्याच्यासाठी फोनवर निरोप ठेवलेला असतो, बेताची माहिती देणारा. म्हणजे तिने आपल्या लोकांना दगा दिलेला आहे, आणि तरीही ती बंदूक घेऊन जागेवर हजर आहे. निवड तिने केली आहे, दोन्ही बाजूंना एकेकदा. किम युनजिन त्या शेवटच्या क्षणी फक्त डोळ्यांनी काम करते.

काळाचंही भान ठेवा. 1997 च्या आर्थिक संकटाने दक्षिण कोरिया हादरलेला, सिनेमावाले हॉलिवूडपासून वाचण्यासाठी पडद्यांचा राखीव कोटा, म्हणजे चित्रगृहांत देशी सिनेमांसाठी राखलेला वाटा, टिकवायला रस्त्यावर उतरलेले. राष्ट्राध्यक्ष होते किम दे-जुंग, ज्यांना 1973 मध्ये त्यांच्याच देशाच्या गुप्तचर खात्याने टोकियोच्या हॉटेलातून पळवून नेलं होतं! अशा देशात गुप्तचर खात्याचा माणूस शेवटी मोडून पडलेला दाखवणं साधं नव्हतं. सुमारे 60 लाख लोकांनी तो पाहिला, ‘टायटॅनिक’चा तिथला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, जून 2000 मध्ये, किम दे-जुंग प्योंगयांगला गेले. सिनेमामुळे गेले असं मी म्हणत नाही. पण लोकांची मनं कुठे होती ते त्यावरून दिसतं.

---

तिसरी_घंटा

गर्दी झाली म्हणजे प्रेमकथा चांगली ठरत नाही, खारेवारे. लोक गोळीबार पाहायलाही गेले होते. इतका खर्चिक, हॉलिवूडच्या तोडीचा थरार कोरियन भाषेत त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

फुटबॉल सामना मात्र निव्वळ कल्पना नाही, हे मलाही नमूद करायचंय. ऑक्टोबर 1990 मध्ये दोन्ही कोरियांचे एकीकरणाचे सामने खरोखर झाले होते, एक प्योंगयांगला आणि एक सोलला. म्हणूनच तो कट मला प्रेमकथेपेक्षा जास्त बोचतो. लोकांनी मनापासून आशा ठेवली त्याच जागी स्फोटक ठेवलंय, तेही दिव्यांमध्ये, उजेडाच्या उष्णतेने फुटणारं.

---

पाणवठा

सगळ्यांचे प्रतिसाद सावकाश वाचले. आजोळ, हायड्राबद्दल तुम्ही म्हणता ते मला विचारात पाडणारं आहे, पण मी ती ओळ वेगळी ऐकते. तो तिला समजावून सांगत नाहीये, स्वतःला सांगतोय. ज्या बाईबरोबर संसार मांडणार होता ती कोण होती हे त्याला ठाऊक नाही, मग तो हाती लागेल ती उपमा पकडतो. त्याचं ते बोलणं अपुरं आहे, आणि ते अपुरं वाटायलाच हवं.

कारण त्यानंतर जेजू बेटाचा प्रसंग येतो. मूळ ली म्योंग-ह्योन, जिचं नाव बांग-हीने वापरलं, ती आजारी मुलगी तिथे आरोग्यधामात आहे. जोंग-वोन तिच्या शेजारी बसतो, दोघं तेच गाणं ऐकतात. सरळरेषा, तुम्ही जाहिरातीसारखं म्हणालात ते हेच गाणं. बांग-ही या मुलीकडे येत होती, बोलत होती. तिला कोणत्याही कामगिरीसाठी या मैत्रीची गरज उरली नव्हती. तिची अख्खी ओळख उसनी होती. हे नातं मात्र तिचं स्वतःचं होतं. हे प्रेमकथेशिवाय कळलंच नसतं.

---

सरळरेषा

जेजूचा प्रसंग मलाही आवडतो, कारण त्यात प्रियकर-प्रेयसी नाहीत. दोन बायकांची मैत्री आहे, आणि ती आपल्याला फक्त ऐकीव कळते. तीच पडद्यावर दाखवली असती, किनाऱ्यावरच्या चुंबनांच्या जागी, तर मी हा वाद घातलाच नसता. नेमबाज म्हणून घडवलेली एक बाई, जिचं नाव चोरलं तिलाच भेटायला पुन्हा पुन्हा जाते. यात हेरगिरीही आहे आणि प्रेमही आहे. पटकथेत ते होतं आणि कांग जे-ग्यूने ते शेवटच्या काही मिनिटांत ढकललं, ही माझी तक्रार कायम आहे.

---

आजोळ

सरळरेषा, हे मात्र मान्य. तो सिनेमा मी आत्ता, या क्षणी पाहायला बसेन.