नाशिकचा फाल्गुन की चैत्र? सासूबाई आणि दोन मुलांसह कोणत्या दिवसांत यावे?

प्रश्न : बंगळूरची सून

माझे सासर मूळचे नाशिकचे. सासूबाईंचे बालपण पंचवटीत गेले, परंतु 1980 च्या सुमारास कुटुंब बंगळूरला आले आणि त्यानंतर लग्नकार्याखेरीज त्यांचे नाशिकला जाणे झाले नाही. आता त्यांचे वय 76 आहे, गुडघे कुरकुरतात, आणि यंदा 'एकदा रहाड आणि एकदा रथ डोळे भरून बघायचा आहे' असे त्यांनी घरात जाहीर केले आहे. अडचण अशी की माझ्या पतींना एकाच आठवड्याची रजा मिळेल आणि पंचांगाप्रमाणे रहाडीत रंग खेळायची रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला, तर काळारामाचा रथ चैत्र शुद्ध एकादशीला. म्हणजे मध्ये तीन आठवड्यांचे अंतर पडते. मुले 12 आणि 7 वर्षांची आहेत. मी स्वतः नागपूरची असल्याने रहाड हा शब्दही लग्नानंतरच ऐकला. एकच आठवडा निवडायचा झाल्यास कोणता निवडावा, आणि वयस्कर माणसाला हे सारे बसून पाहता येईल अशी सोय होऊ शकते का?

उत्तर : तिवंधेकर

आमचे घर तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा माझे मत पक्षपाती समजूनच वाचावे. रंगपंचमीला या.

नाशकात धुळवडीला रंग खेळत नाहीत; रंगाचा मान पंचमीचा. रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला, जमिनीत बांधलेला मोठा हौद. वर्षभर ती रस्त्याखाली झाकलेली असते, वरून रिक्षा आणि दुचाक्या जात असतात, आणि आपण कशावरून चाललो आहोत याची परक्या माणसाला कल्पनाही येत नाही. पंचमी जवळ आली की वरची माती उकरून लाकडी ओंडके बाजूला काढतात, हौद स्वच्छ करून पाण्याने भरतात, आणि विधिवत पूजा झाल्यावरच त्यात उतरण्यास मोकळीक मिळते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आहे : आमच्या तिवंध्याचा पिवळा, शनि चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी. त्यामुळे संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाचे नुसते कपडे पाहिले तरी तो कोणत्या रहाडीत उतरून आला हे गल्लीतल्या आजीबाईंना कळते, आणि एखाद्याच्या सदऱ्यावर दोन रंग दिसले तर त्यावरून त्याची थट्टाही होते.

काठावरून अंग झोकून देण्याला आमच्याकडे 'धप्पा' म्हणतात. तो नीट बसला की रंगीत पाणी काठावरच्या लोकांच्या डोक्यांवरून उडते. आपल्या मुलांना हे पाहायला मिळावे असे मनापासून वाटते. मात्र खोली मोठ्या माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी असते आणि एकापाठोपाठ एक उड्या पडत असतात, म्हणून 7 वर्षांच्या मुलाला काठाच्या जवळही नेऊ नये. 12 वर्षांचे मूल पोहणारे असले तरी त्याला उतरवू नये, असेच मी सांगेन. सासूबाईंसाठी चौकातल्या एखाद्या ओळखीच्या घराची माडी हाच एक मार्ग आहे. जुन्या नाशकात अजूनही कोणी ना कोणी नात्यातले निघतेच. सकाळीच तेथे जाऊन बसावे, कारण दुपारनंतर गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

उत्तर : पंचवटीकरीण

वरील लेखकांचा तिवंध्याविषयीचा अभिमान मी समजू शकते, परंतु ज्यांना पाहायचे आहे त्या सासूबाई पंचवटीच्या आहेत. पंचवटीत वाढलेल्या मुलींच्या आठवणीत रहाडीपेक्षा रथ अधिक खोल असतो. त्या काळी रहाडीत उडी मारण्याचे भाग्य मुलींच्या वाट्याला कितीसे येत असेल, हेही ध्यानात घ्यावे.

काळारामाच्या मंदिरात चैत्र पाडव्यापासून वासंतिक नवरात्र बसते, नवमीला भर दुपारी जन्मसोहळा होतो आणि कामदा म्हणजे चैत्र शुद्ध एकादशीला सायंकाळी रथ निघतात. रथ दोन असतात, पुढे गरुडरथ आणि मागे रामरथ. जाड दोर खांद्यावर घेऊन ते माणसेच ओढतात, आणि हा मान तालमी-आखाड्यांकडे परंपरेने चालत आला आहे. सर्वांत विलक्षण दृश्य असते ते मानकरी बुवांचे. उत्सवाचा त्या वर्षीचा मान ज्या पुजाऱ्यांकडे असतो ते रामरथाकडे तोंड करून, देवाला पाठ न दाखवता, संपूर्ण मार्ग उलट्या पावलांनी चालतात. लहान मुले तासन्‌तास त्यांच्या पायांकडेच बघत राहतात, आपलीही तेच करतील. पुढे गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो. रामरथ मात्र गोदावरी ओलांडत नाही, तो पंचवटीच्या काठावरच थांबतो. रामकुंडावर देवाला अवभृथ, म्हणजे उत्सवाच्या सांगतेचे, स्नान घालतात आणि मग रथ मंदिराकडे परततात. तोवर रात्र बरीच झालेली असते, तेव्हा धाकट्याची झोप दुपारीच उरकून घ्यावी.

सासूबाईंना गर्दीत उभे करू नये. मार्गावरच्या घरांचे ओटे आणि ओसऱ्या अजून शिल्लक आहेत. दारापुढे सडा-रांगोळी घालून रथाची वाट पाहणारे लोक म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची देतातच. त्यांची जुनी गल्ली कोणती, एवढे कळवलेत तर शेजाऱ्यांना विचारून पाहीन.

मोठ्या मुलाला मंदिराच्या पूर्व दरवाजाशी नेऊन आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर सर्वांसाठी खुले नव्हते. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला आणि काही वर्षे चाललेल्या त्या लढ्यात रथ ओढण्याच्या हक्काचाही प्रश्न आला होता. दोर कोणाच्या हाती हे पाहताना मुलाला इतके ठाऊक असावे.

उत्तर : गोदाकाठ

दोघांचेही म्हणणे रास्त आहे, परंतु मूळ अडचण रजेची आहे आणि ती फक्त आपल्या पतींची आहे. मग चौघांनी किंवा पाचांनी एकत्रच यायला हवे असे कोठे आहे? पतींनी मुलांना घेऊन धुळवड ते पंचमी यावे; सासू-सुनांनी चैत्रात यावे. मुलांच्या परीक्षांचे तेवढे आधी पाहावे लागेल.

धुळवड म्हणण्याचे कारण असे की त्या दिवशी नाशकात वीरांची मिरवणूक असते. देवघरातले पूर्वजांचे टाक, म्हणजे धातूच्या छोट्या प्रतिमा, हाती घेऊन घरातली माणसे वाजतगाजत निघतात आणि गोदावरीवर त्यांना स्नान घालतात. लहान मुलांना देवादिकांची किंवा योद्ध्यांची वेषभूषा करून नेण्याची पद्धत आहे, आपल्या धाकट्यालाही बाहेरून बघत राहावे लागणार नाही. दाजीबा वीराची स्वारी चुकवू नये. अंगाला हळद लागल्यावर मारल्या गेलेल्या नवरदेवाची कथा त्यामागे सांगतात, म्हणून हा वीर बाशिंग बांधून निघतो.

मधल्या तीन दिवसांसाठी मोठे बेत आखू नका. सराफ बाजारातला सरकारवाडा, पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक आणि एखाद्या संध्याकाळी कालिदास कलामंदिरात बालनाट्य असेल तर ते, इतके पुष्कळ झाले. दुपारी ऊन भाजते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : बंगळूरची सून

सर्वांचे आभार. तिन्ही उत्तरे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. उलट्या पावलांच्या वर्णनावर त्यांनी मला थांबवले आणि लहानपणी त्यांच्या ओट्यावरून बुवांना आधी कोण पाहतो यावर भावंडांची पैज लागत असे, असे सांगितले. रहाडीत त्या कधीच उतरल्या नव्हत्या. भाऊ उतरत आणि यांना त्यांचे कपडे धुवावे लागत. तेव्हा पती आणि मुले धुळवडीला येतील, आम्ही दोघी नवमीच्या आदल्या दिवशी पोहोचू.

पंचवटीकरीण ताई, त्यांचे घर नाग चौकाजवळ होते. वाडा आता पडला असेल असे त्या म्हणतात, पण समोरच्या घराला दगडी पायऱ्या होत्या, त्या आहेत का ते पाहाल?

उत्तर : पंचवटीकरीण

आज संध्याकाळी जाऊन आले. त्या भागात दगडी पायऱ्यांची दोन घरे अजून उभी आहेत. एका घरातल्या काकूंनी खुर्ची देण्याचे कबूल केले आहे, फक्त दिवेलागणीच्या आधी येऊन बसा असे त्या म्हणाल्या, कारण एकदा दोर पुढे सरकला की रस्ता ओलांडता येत नाही.