पंधरा-सतराच्या मुलांना नागरिकत्व हातानं कसं शिकवावं?

महालकर: आमच्या वाचनालयात नववी ते अकरावीचे पोट्टे येतात. नागरिकशास्त्र तोंडपाठ, पण "तू नागरिक आहेस का?" म्हटलं की "अजून नाही, अठरा व्हायचेत". एक-दोघं आधार कार्ड काढून दाखवतात. भाषण नको, करून पाहता येईल असं काही सुचवा.

कागदोपत्री: आधी आधार बाजूला ठेवा. आधार कायद्यातच (2016, कलम 9) लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्याला जन्मानं नागरिक ठरायला त्याचे आईवडील दोघं भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. तुमचे सगळे पोट्टे यातच बसतात, म्हणजे नागरिकत्व जन्मापासूनच. त्याची पहिली झळ मात्र सेतू केंद्रात लागते, प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला काढताना. जन्मदाखल्यावर वडील 'रामभाऊ', शाळेत 'रामाजी', की अडलंच. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरशी (प्रवेशाच्या नोंदवहीशी) नाव जुळवून घ्या.

अर्जदार: माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावा. 2005 च्या कायद्यात 'सर्व नागरिक' म्हटलंय, वयाची अट नाही. महाराष्ट्रात नमुना 'जोडपत्र अ', दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मुलं हमखास चुकतात ती इथे: "आमचा रस्ता सारखा का खोदता?" असं विचारतात. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, नोंदीत असेल तेवढंच मिळतं. म्हणून मागायचं काय, तर त्या रस्त्याच्या कार्यादेशाची (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची) प्रत, झालेलं काम मोजून नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि दोषदायित्वाची मुदत. ही मुदत संपायच्या आत रस्ता उखडला, तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्याच; उत्तराचे तीस दिवस त्यावरूनच मोजायचे. उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांचं स्टॅम्प लावून.

मतदारयादी: सतरा पूर्ण झालेल्यांकडून नमुना 6, म्हणजे मतदारयादीत नवं नाव घालायचा अर्ज, आत्ताच भरून घ्या. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण हवीत त्या) आहेत, वर्षभर थांबायची गरज नाही. पत्ता बदलला तर नमुना 8. पुन्हा 6 भरलात तर नाव दोनदा येतं.

महालकर: माहिती अधिकाराचा अर्ज मनपाच्या झोन कार्यालयात द्यायचा की मुख्यालयात?

अर्जदार: झोनमध्येच द्या. चुकीच्या ठिकाणी गेला तरी परत करता येत नाही. कलम 6(3) नुसार पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्ज तोंडी नाकारला तर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, वाद घालू नका.