घाटघरच्या कोकणकड्यावरून कोकणच दिसेना, हे धुकं की प्रदूषण?

तंबू_आणि_गाडी:
डिसेंबरअखेर ठाण्याहून कसारा-घोटी करत भंडारदऱ्याला गेलो, पोरं, टेंट सगळं गाडीत टाकून, खास कोकणकडा दाखवायचा म्हणून. कड्यावर उभे राहिलो तर समोर नुसतं राखाडी, खालचा चोंढ्याचा डॅमसुद्धा पुसट आणि त्याच्या पुढे काहीच नाही, भर दुपारी बाराला पण तेच. सूर्य तर क्षितिजाला टेकलाच नाही, बराच वर असतानाच त्या मळकट पट्ट्यात दिसेनासा झाला. फार वाईट वाटलं हो. कधी गेलं तर स्वच्छ दिसेल? आणि हे येतं कुठून?

डोंगरयात्री:
धुकं पांढरं असतं दादा, ऊन चढलं की उठतं. दुपारी टिकतं आणि तपकिरी दिसतं ते धूर आणि धूळ. थंडीत जमिनीलगतची हवा गार, वरची गरम, म्हणजे झाकणच बसतं, मग कल्याण-भिवंडीपासूनचा सगळा धूर, ट्रकचा, बांधकामाची धूळ, कड्याखालीच कोंडून राहतो. नीट बघा, पट्ट्याची वरची कड सरळ आडवी असते आणि तिच्यावर आभाळ निळंशार.

शहापूरची:
आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, त्यांचा धूर पण धरा. उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, पण तो शेतकऱ्याच्या भाताचा प्रश्न आहे, आधी त्याच्यावर बोट नको. शेकोटीत प्लॅस्टिकच्या प्लेटी जाळणारे कॅम्पवाले आणि वणवे लावणारे, त्यांना अडवा ना!

सॅन_होजेकर:
इकडे कॅलिफोर्नियात सेक्वोया नॅशनल पार्कला हेच. मोरो रॉकच्या पायऱ्या चढून वर गेलो तर खालचं सॅन वॉकिन खोरं पूर्ण धुरकट, कारण दोन्हीकडे डोंगर, हवा कोंडते. पण १९७७ पासून इथल्या कायद्यात मोठ्या नॅशनल पार्कांमधून लांबवर स्वच्छ दिसणं ही जपायची गोष्ट आहे. आपला २०१९ चा एनकॅप, म्हणजे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, शहरांपुरताच, कड्यावरच्या हवेला वालीच नाही, याची खरंच चीड येते.

डोंगरयात्री:
अगदी. तर दादा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा, पावसाने हवा धुतलेली असते, किंवा थंडीत अवकाळी पडून गेला की दुसऱ्याच दिवशी. कड्यावर सकाळीच पोचा, तेव्हा सूर्य पाठीमागे असतो, संध्याकाळी समोर आला की तेच धुरकट जास्त चमकतं. निघायच्या आदल्या दिवशी समीर या सरकारी ॲपवर कल्याण आणि नाशिकच्या हवेचे आकडे बघा, दोन्ही खराब असतील तर कोकणकडा सोडा आणि पोरांना रतनगडावर न्या.