विषय: न्यूयॉर्क राज्याच्या पेन्शनमध्ये टियर 6 मधून टियर 4 मध्ये जाता येतं का?

मंडळींनो, नमस्कार.

2004 ते 2006 मी अल्बनीजवळ एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात होते. थोरलीच्या वेळी नोकरी सोडली आणि पेन्शनमध्ये कापलेले पैसेही काढून घेतले (गाडीचं डाउन पेमेंट!). 2013 मध्ये राज्य सरकारात लागले, तेव्हा टियर 6 चा शिक्का बसला (टियर म्हणजे मेंबर झाल्याच्या तारखेवरून ठरणारा पेन्शनचा गट). परवा ऑफिसातली एकजण म्हणाली, "तू तर जुनी मेंबर, टियर 4 मागून घे." खरं का? दोन वर्षांसाठी एवढी उठाठेव करावी?

— स्मि.

---

उत्तर:

वहिनी,

खरं आहे, आणि करावीच. मीही रिटायर व्हायच्या आधी हेच केलं. याला टियर रीइन्स्टेटमेंट, म्हणजे जुना टियर परत मिळवणं, म्हणतात. 1 एप्रिल 2012 पासून लागलेले टियर 6 मध्ये. तुमची 2004 ची मेंबरशिप टियर 4 ची. काढलेली रक्कम 5 टक्के चक्रवाढ व्याजासकट परत भरायची. तेव्हा 2,400 डॉलर उचलले असतील, तर आज सहा हजारांच्या घरात जातील. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण पुढचं वाचा.

2031 ला निघालात तर आत्ताची नोकरी 18 वर्षांची. टियर 6 मध्ये वर्षाला एक साठांश, म्हणजे सरासरी पगाराच्या 30 टक्के. जुनी दोन जोडली की वीस पुरी, आणि टियर 4 मध्ये विसाला 40 टक्के. सरासरी पगार 80,000 धरा: 24,000 ऐवजी 32,000, दर वर्षी, हयातभर. शिवाय पूर्ण पेन्शन 63 ऐवजी 62 ला, आणि दहा वर्षांनंतर पगारातली कपातही बंद. टियर 6 वाल्यांची शेवटपर्यंत चालूच.

मेंबर व्हायच्या आधी कुठे टेम्पररी काम केलं होतं का? तीही वर्षं विकत घेता येतात. पण आधी टियर बदला, मग घ्या. टियर 4 ला त्या वेळच्या पगाराच्या 3 टक्के आणि वर व्याज, टियर 6 ला 6 टक्के आणि वर व्याज. आमच्या एका मित्राने उलटं केलं, अजून हळहळतो.

अर्ज रिटायर होण्याआधीच जायला हवा. 457 मध्ये (पगारातून कापून निवृत्तीसाठी बचत करायची योजना) पैसे असतील तर ते थेट तिकडून वळवता येतात, खिशात हात घालायला नको.

— काका

---

काका, आभार. अर्ज भरतेय. माळ्यावरून 2005 च्या पेस्लिपा सापडल्या. गाडी मात्र केव्हाच भंगारात गेली.

— स्मि.