कंडेन्सरमधले इलेक्ट्रॉन

बरेचदा म्हणतात की कंडेन्सरमधून (दोन धातूच्या प्लेटा, मध्ये वीज न वाहणारं प्लास्टिक) एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, करंट जातो म्हणजे इलेक्ट्रॉन एका प्लेटवरून दुसरीवर उडी मारतात. चांगल्या कंडेन्सरमध्ये तसं होत नाही हो. एका प्लेटवर वायरीतून इलेक्ट्रॉन जमतात, दुसरीवरून तितकेच निघून जातात, मधल्या प्लास्टिकमधले आपापल्या रेणूला बांधलेले असतात ते प्लेटांमधल्या विद्युत फील्डमुळे जरासे सरकतात, बस. मध्ये निर्वात असेल आणि निगेटिव्ह प्लेटजवळ मोकळा इलेक्ट्रॉन सोडला तर गोष्ट वेगळी, १०० व्होल्टला तो समोर आदळताना सेकंदाला ५९०० किमीच्या आसपास वेग घेतो, अंतर एक सेंटीमीटर असो की दोन, वेग तोच.

आमच्याकडे रावेर-यावलला केळीच्या मळ्यांत सिंगल फेज मोटरींचे कंडेन्सर सारखे कमजोर होतात. असाच एक नीट डिस्चार्ज करून (हे विसरू नका) उलगडला तर चमकदार फिल्मवर (प्लास्टिकवर धातूचा पातळ थर, तीच इथली प्लेट) टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसले. तिथे मात्र इलेक्ट्रॉन खरंच आरपार गेलेत, प्लास्टिक फुटलं, भोवतालचं मेटल उडून गेलं आणि शॉर्ट आपोआप तुटला, पण प्लेटचं क्षेत्रफळ तेवढं घटलं, म्हणून ३६ मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) माल हळूहळू ३० वर येतो आणि मग मोटर उचलतच नाही, नुसती घुंऽऽ करत बसते.